गुणपत्रकावर सही कुणाची?

१९८३ साली चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावी दादाजी खोब्रागडे यांना आपल्या पटेल-३ वाणाच्या धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या शेतात, काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, स्वतंत्र पेरल्या, पुढच्या हंगामांत पुन्हा निवडल्या. त्यातून जो बारीक तांदूळ आला तो एचएमटी या नावाने महाराष्ट्राबाहेरही गेला. नाव पडलं त्या काळच्या घड्याळावरून. दादाजींचं शिक्षण तिसरीपर्यंत. १९९४ मध्ये पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या (पीकेव्ही) शास्त्रज्ञांनी त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ मध्ये पीकेव्ही-एचएमटी हा वाण प्रसारित झाला. विद्यापीठाचं म्हणणं, वाण शुद्ध करण्याचं काम आमचं. दादाजींचं म्हणणं, मूळ निवड माझी, तिचा उल्लेख कुठे आहे? २०१८ मध्ये ते गेले, तोवर या वादाला पूर्णविराम मिळाला नव्हता.

ही हकीकत सांगताना आपण बहुतेक वेळा अन्यायापाशी थांबतो. अन्याय आहेच. पण विद्यापीठं बदलायची असतील तर त्यापुढचा व्यवहाराचा प्रश्न विचारायला हवा. बियाण्याऐवजी दादाजींनाच विद्यापीठात न्यायचं ठरलं असतं, तर कोणत्या पदावर? कोणत्या नियमाखाली? त्यांच्या हाताखाली शिकलेल्या मुलाला किती क्रेडिट, म्हणजे श्रेयांक, मिळाली असती? आणि त्या मुलाला लोंबी निवडता येते की नाही, हे गुणपत्रकावर कुणी लिहिलं असतं?

शेवटच्या प्रश्नावरच सगळं अडतं असं माझं ठाम मत आहे. जाणत्या शेतकऱ्याला, वैदूला, विणकराला व्याख्यानाला बोलावणारी विद्यापीठं पुष्कळ आहेत. शाल, श्रीफळ, फोटो, जेवण, आणि संध्याकाळच्या गाडीने परत. त्या दिवसाने विद्यापीठात काहीही हलत नाही, कारण अभ्यासक्रम तोच राहतो, वेळापत्रक तेच राहतं आणि मुलगा पास झाला की नाही हे ठरवणारा माणूसही तोच राहतो. गुण देण्याचा अधिकार वाटून घेतला की मात्र बाकीच्या गोष्टी हलवाव्याच लागतात.

हा विचार बाहेरून आलेला नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमात मोडी, बालबोध, हिशेब यांबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान मागितलं होतं. शिक्षक शेतकरी वर्गातले हवेत, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरायची वेळ आली तर लाज न वाटणारे हवेत, अशी त्यांची मागणी होती. वरच्या वर्गाला शिकवलं की ज्ञान आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीवर त्यांनी त्याच निवेदनात प्रहार केला. रयतेच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणात रयतेचं काय आहे, हा त्यांचा सवाल विद्यापीठांना आजही जसाच्या तसा लागू पडतो.

लोकशिक्षणाचं जगभर नाव झालं ते ब्राझीलच्या पाउलो फ्रेरे यांच्यामुळे. त्यांच्या कामाचा एक तपशील आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही: साठच्या दशकाच्या सुरुवातीला ते रेसिफे विद्यापीठाच्या विस्तारसेवेचे प्रमुख होते. म्हणजे ही पद्धत विद्यापीठाच्या कुंपणाला लागूनच उभी राहिली. १९६३ मध्ये अंजिकोस या गावात सुमारे ३०० मजुरांना ४० तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग झाला. त्याची सुरुवात पाठ्यपुस्तकाने झाली नाही. आधी वस्तीत जाऊन लोकांच्या बोलण्यातले शब्द गोळा केले, त्यातून मोजके निवडले, आणि त्या शब्दांवरून एकाच वेळी अक्षरं आणि परिस्थिती या दोन्हींवर बोलणं सुरू झालं. वीट हा शब्द शिकता शिकता वीट कोण पाडतो आणि घर कुणाचं होतं, इथपर्यंत चर्चा जायची. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, काम बंद पाडलं आणि फ्रेरेंना तुरुंगात टाकलं.

आपल्याकडे याचं जवळचं रूप गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचे अभ्यासगट. धानोरा तालुक्यातल्या या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यामागची रचना कमी माहीत असते. तिथे अभ्यासगट आणि ग्रामसभा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अभ्यासगट खोदतो, विचारतो, बाहेरच्या जाणकाराला बोलावतो, पण निर्णय घेत नाही. निर्णय ग्रामसभेचा, तोही सर्वसहमतीचा. निर्णयाचं ओझं नसल्यामुळे अभ्यासगटात कुणी हरण्याचा प्रश्न नसतो आणि चूक कबूल करणं सोपं जातं. विद्यापीठाच्या अभ्यासमंडळाने ही एक गोष्ट उचलली तरी पुष्कळ झालं: अभ्यासक्रम ठरवणाऱ्या बैठकीआधी, ठराव न करता, फक्त समजून घेण्यासाठी दोन-तीन बैठका गावात व्हाव्यात. संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, १०-१२ माणसं. प्राध्यापकाने पहिल्या बैठकीत शिकवायचं नाही, शब्द लिहून घ्यायचे.

धानाच्या बाबतीत हे शब्द फार मोलाचे असतात. पऱ्हे (रोवणीसाठी वाढवलेली रोपं), रोवणी (रोपांची लावणी), बांधी, आवत्या (बी थेट फेकून पेरणी), करगा. यातला करगा घ्या. पूर्व विदर्भ-छत्तीसगडच्या पट्ट्यात धानात उगवणारं हे रानटी धान. रोप असताना ते धानासारखंच दिसतं, म्हणून निंदणीत सुटतं. दाणे लवकर झडतात, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा उगवतं. त्यावर एक उपाय म्हणजे जांभळ्या पानांचा वाण लावणं, म्हणजे हिरवा करगा लगेच नजरेस पडतो. या एका शब्दात तणविज्ञान, परागीभवन, बियाण्याची शुद्धता आणि निंदणीची मजुरी एवढं सगळं आहे. एक अख्खं प्रकरण त्याच्याभोवती बांधता येतं, आणि ते गावातल्या माणसाला परकं वाटत नाही.

आता, जाणत्या माणसाला खरोखर शिक्षक करणं कुठे जमलं आहे का? जमलं आहे. ब्राझीलिया विद्यापीठाने २०१० मध्ये 'एंकॉन्त्रो दि साबेरेस', म्हणजे ज्ञानांची भेट, हा उपक्रम सुरू केला. आदिवासी समाजांतले, गुलामगिरीतून निसटलेल्या आफ्रिकी लोकांच्या वस्त्यांतले, लोककलांमधले जाणते तिथे नियमित, क्रेडिटच्या अभ्यासक्रमात शिकवतात. प्रत्येकासोबत विद्यापीठाचा एक जोडीदार प्राध्यापक असतो. भाषांतर, नोंदी, कार्यालयातली धावपळ हे त्या जोडीदाराचं काम. वर्ग त्या जाणत्या माणसाचा. २०१४ पासून ब्राझीलमधल्याच मिनास जेराईस राज्याच्या संघराज्य विद्यापीठातही पारंपरिक ज्ञानाचे असे अभ्यासक्रम चालतात. हे शून्यातून उगवलं नाही. ब्राझीलिया विद्यापीठाने २००४ पासूनच कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा ठेवायला सुरुवात केली होती. आधी वर्गातले विद्यार्थी बदलले, मग शिक्षक बदलण्याचा प्रश्न टाळता येईना.

उलटं उदाहरण इक्वेडोरचं. तिथे आदिवासी संघटनांच्या प्रयत्नांतून अमाउताय वासी हे विद्यापीठ उभं राहिलं आणि २००४ मध्ये त्याला मान्यता मिळाली. शिक्षण लोकवस्त्यांमध्ये जाऊन व्हायचं. २०१३ मध्ये सरकारी मूल्यमापनात ते नापास ठरलं आणि बंद झालं. पुढे २०१८ मध्ये कायद्यात बदल करून सार्वजनिक विद्यापीठ म्हणून ते पुन्हा उघडण्याची वाट मोकळी झाली. ज्या कसोट्या नेहमीच्या विद्यापीठाच्या इमारतींकडे आणि प्राध्यापकांच्या पदव्यांकडे बघून केल्या आहेत, त्यांवर फिरतं विद्यापीठ टिकत नाही. आपल्याकडे नॅक या मूल्यांकन संस्थेच्या भेटीची तयारी ज्यांनी केली आहे त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. म्हणून माझा आग्रह असा की वेगळं विद्यापीठ काढण्याआधी, आहे त्या विद्यापीठातला एक पेपर पूर्णपणे बदलून दाखवावा.

दारं उघडी आहेत का? काही आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' मार्गदर्शक सूचनांत औपचारिक पदवीची अट नाही. मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत अशा नेमणुका करता येतात, सगळी मिळून कमाल मुदत ४ वर्षं. अडचण दुसऱ्या अटीत आहे: आपल्या क्षेत्रात १५ वर्षांचा अनुभव, तोही शक्यतो वरिष्ठ पातळीवरचा. ४० वर्षं धान लावणारी बाई वरिष्ठ पातळीवर आहे की नाही हे कोण ठरवणार? इथे विद्यापरिषदेने, म्हणजे विद्यापीठाचे शैक्षणिक निर्णय घेणाऱ्या मंडळाने, आधीच ठराव करून ठेवला नाही तर फाईल आस्थापना विभागात अडकते. ठरावात पुराव्याचे पर्याय लिहून ठेवावेत: ग्रामसभेचा ठराव, तालुक्यातल्या किमान तीन वेगळ्या गावांतल्या लोकांनी 'आम्ही यांच्याकडून शिकलो' असं दिलेलं निवेदन, राखलेल्या वाणांची यादी. कलाकार-कारागिरांसाठी २०२३ च्या वेगळ्या सूचना आहेत, पण शेती आणि जंगलातलं ज्ञान त्यात ओढूनताणून बसवावं लागतं.

स्वायत्त महाविद्यालयांना हा रस्ता जवळचा. त्यांचं अभ्यासमंडळ आणि विद्यापरिषद स्वतःची असते, त्यामुळे विद्यापीठातली अभ्यासमंडळ, विद्याशाखा, विद्यापरिषद ही लांबची वारी वाचते.

नवा पेपर नव्या शैक्षणिक धोरणातल्या भारतीय ज्ञानप्रणालीच्या दोन क्रेडिटच्या खणात घालू नका, ही माझी कळकळीची विनंती. तो खण आज बहुतांशी ग्रंथांतल्या ज्ञानाने भरलेला आहे आणि परीक्षा बहुपर्यायी प्रश्नांची. प्राचीन कृषिग्रंथात काय लिहिलंय यावर टिकमार्क करणारा विद्यार्थी, त्याच तालुक्यात वाण राखणाऱ्या बाईला न भेटता पदवीधर होतो. वनस्पतिशास्त्राच्या किंवा कृषीच्या मुख्य विषयातला पेपर म्हणूनच हे मागावं. बाजूच्या खणात टाकलेल्या गोष्टीला विद्यार्थीही बाजूचीच मानतात.

एक पेपर, ४ क्रेडिट, १०५ तास

धानाच्या बियाणे-निवडीचा पेपर कसा बांधता येईल ते सविस्तर मांडतो. १ क्रेडिट सिद्धान्ताचं, म्हणजे १५ तास. ३ क्रेडिट प्रात्यक्षिकाची, म्हणजे ९० तास. हे ९० तास आठवड्याला तीन-तीन तास असे वाटले की पेपर मेला. धान आठवड्याच्या तासिकेप्रमाणे वाढत नाही. त्याऐवजी १५ दिवस, रोज ६ तास, असे चार मुक्काम करावेत: जूनमध्ये ३ दिवस पऱ्ह्यांसाठी, जुलैमध्ये ४ दिवस रोवणीला, धान फुलोऱ्यात येईल तेव्हा ४ दिवस आणि कापणीआधी ४ दिवस. मधल्या काळात विद्यार्थी कॉलेजात आपल्या नोंदी आणि वाचन घेऊन बसतात. ब्राझीलमध्ये भूमिहीनांच्या वसाहतींतल्या विद्यार्थ्यांसाठी १९९८ पासून चालणाऱ्या सरकारी शिक्षण कार्यक्रमात हाच आलटून-पालटून क्रम वापरतात: काही काळ विद्यापीठ, काही काळ गाव, आणि दोन्ही काळ अभ्यासातच धरले जातात.

खरी टक्कर होते ती शेवटच्या मुक्कामात. लोंब्या निवडायच्या त्याच आठवड्यांत सत्राच्या लेखी परीक्षा लागतात. त्यामुळे या पेपरचे गुण विषम सत्रात, म्हणजे जूनला सुरू होणाऱ्या सहामाहीत, मागूच नयेत. नोंदणी जूनमध्ये करावी, गुण सम सत्राच्या यादीत भरावेत. परीक्षा विभाग आधी नाही म्हणतो, कारण संगणकप्रणालीत नोंदणी आणि निकाल एकाच सत्रात असतात. शेतीचा हंगाम हलवता येत नाही, सत्र हलवता येतं, एवढं एकदा विद्यापरिषदेकडून लेखी घ्यावं.

तुकडी २० विद्यार्थ्यांची, चार शेतकरी, प्रत्येकाकडे पाच जण. याहून जास्त नको. फुलोऱ्यातल्या बांधीत २० जण उतरले की लोंब्या मोडतात, फूल झडतं, आणि पुढच्या वर्षी शेतकरी नाही म्हणतो. त्याचं बरोबर असतं. चालायचं धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, बांधीत एका वेळी दोघं.

पहिल्या मुक्कामात बियाणं निवडणं. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ, म्हणजे ३ टक्क्यांचं द्रावण. त्यात धान टाकून ढवळायचं, तरंगलेलं काढून टाकायचं, तळाचं स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवायचं. धुणं आळसाने केलं तर दाण्यावर मीठ राहतं आणि उगवण मार खाते. याच दिवशी शेतकऱ्याची पद्धतही करायची: सुपात पाखडणं, हातावर दाणे घेऊन वजन अजमावणं. दोन्ही ढिगांतून ४०० दाणे, १०० चे चार भाग, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. पहिली मोजणी पाचव्या दिवशी, शेवटची चौदाव्या दिवशी. प्रमाणित बियाण्याला किमान ८० टक्के उगवण लागते. कोणता ढीग पुढे जातो ते मुलांनी स्वतः मोजावं. निकाल काहीही लागला तरी शिकायला भरपूर मिळतं.

रोवणीत शेतकरी एका जागी तीन-चार रोपं लावतात. निवडीच्या प्लॉटमध्ये मात्र एका जागी एकच रोप हवं, नाहीतर कोणती लोंबी कोणत्या रोपाची हे कळत नाही. एका लोंबीच्या दाण्यांची एक ओळ, ओळीत २० रोपं, दोन रोपांत १५ सेंमी, दोन ओळींत २० सेंमी. म्हणजे ओळ ३ मीटरची. ५० लोंब्यांच्या ५० ओळी आणि तुलनेसाठी दर दहा ओळींमागे मूळ वाणाची एक, अशा ५५ ओळींना ११ मीटर रुंदी लागते. एकूण ३३ चौरस मीटर, गुंठ्याचा जेमतेम तिसरा हिस्सा. एवढ्या जागेचं भाडं आणि तिथलं कमी झालेलं उत्पन्न शेतकऱ्याला रोवणीआधीच द्यावं. शेजारच्या दुसऱ्या वाणापासून ३ मीटर अंतर ठेवावं. धान मुख्यतः स्वपरागी असल्यामुळे एवढं पुरतं.

फुलोऱ्याच्या मुक्कामात प्रत्येक ओळीतली निम्मी रोपं फुलल्याची तारीख, उंची, फुटवे यांची नोंद. एखादी ओळ आतल्या आत सारखी नसेल, कुठे उंच कुठे ठेंगणी, तर मूळ लोंबी नैसर्गिक संकरातून आलेली असण्याची शक्यता मोठी. तिला लगेच फेकायचं नाही, वेगळी खूण करायची. अशा रोपातून पक्का वाण निघायला पाच-सहा पिढ्या लागतात. नवं काही निघालंच तर ते अशाच ओळीतून निघण्याची शक्यता जास्त.

कापणीआधीच्या चार दिवसांत लोंब्या निवडायच्या. इथे नवखा हमखास फसतो ते धुऱ्याकाठच्या रोपाला. काठाच्या रोपाला उजेड आणि खत जास्त मिळतं, शेजारी कमी असतात, त्यामुळे ते दिमाखदार दिसतं. तो गुण बियाण्यात उतरत नाही. शेजारची रोपं मेल्याने जागा मिळालेलं रोपही तसंच. म्हणून काठाच्या दोन ओळी आणि रिकाम्या जागेशेजारची रोपं आधीच वगळायची. खुणेला रंगीत दोरा बांधला तर तो चिखलाने एका रंगाचा होतो. कापडाची चिंधी लोंबीच्या मानेखाली बांधावी. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहावं, पेनची शाई दवाने पसरते. प्रत्येक लोंबी स्वतंत्र कागदी पाकिटात, पाकिटं पत्र्याच्या डब्यात. प्लास्टिकच्या पिशव्या घाम धरतात, आणि नुसती कागदी पाकिटं उंदीर एका रात्रीत एकत्र करून टाकतात.

वाळवण किती झाली हे शेतकरी दाताखाली दाणा फोडून सांगतो. ओलावा मोजायचं यंत्र साठवणीसाठी १२-१३ टक्के सांगतं. दोन्ही आकडे एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी लिहावेत. शेतकऱ्याचा दात यंत्राशी जुळला म्हणून तो 'शास्त्रीय', असा शेरा मारू नये. जिथे दोघे जुळत नाहीत त्या ओळी लाल करून ठेवाव्यात. पुढच्या तुकडीला प्रकल्पाचा विषय तिथे मिळतो.

एक अडचण राहतेच. नोव्हेंबरात निवडलेल्या लोंब्यांचं फळ पुढच्या खरिपात दिसतं, तोवर विद्यार्थी पुढच्या वर्गात गेलेला असतो. उपाय सोपा आहे: एका तुकडीने निवडलेल्या लोंब्या पुढची तुकडी लावते, आणि आधीच्या तुकडीची वही तिच्या हाती येते. पहिल्या वर्षी शेतकऱ्याने स्वतः राखलेल्या लोंब्यांपासून सुरुवात करावी.

परीक्षा

१०० गुणांची विभागणी अशी सुचवतो. ३० गुण बांधीत: शेतकरी विद्यार्थ्याला अनोळखी प्लॉटमध्ये नेतो, भेसळीची रोपं ओळखायला सांगतो आणि प्रत्येकाचं कारण विचारतो. २० गुण ढिगावर: तीन-चार वाणांचं धान समोर, हाताने आणि नजरेने ओळखायचं, बियाण्याला कोणतं राखाल आणि का ते सांगायचं. १० गुण गावच्या बैठकीत: वर्षभर काय केलं ते गावच्या बोलीत, स्लाइडशिवाय समजावायचं. हे ६० गुण शेतकऱ्याचे. उरलेले ४० प्राध्यापकाचे: नोंदवही, आकडेमोड, तोंडी परीक्षा. पास व्हायला दोन्हीकडे स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. ही अट नसेल तर ४० गुणांच्या जोरावर, आणि ओळखीने मिळालेल्या चार-दोन गुणांवर, बांधीत एकही रोप न ओळखणारा मुलगा पुढे सरकतो.

शेतकरी सगळ्यांनाच चांगले गुण देईल, त्यांना नापास करायला जीव होणार नाही, ही भीती प्राध्यापक नेहमी व्यक्त करतात. ती अगदीच खोटी नाही. गावात पाहुण्याला वाईट बोलायची रीत नसते. म्हणून शेतकऱ्याने स्वतःकडे शिकलेल्या पाच जणांची परीक्षा घेऊ नये, दुसऱ्या शेतकऱ्याच्या पाच जणांची घ्यावी. गुणांचा आकडाही त्याला मागू नये. 'याच्या हातचं बियाणं तुम्ही तुमच्या बांधीत लावाल का?' हा प्रश्न विचारावा. लावेन, थोडं लावून बघेन, लावणार नाही: या तीन उत्तरांना आधीच ठरवलेले गुण. पुढच्या वर्षाचं पीक ज्याच्यावर अवलंबून आहे तो माणूस या प्रश्नाचं उत्तर भिडेखातर देत नाही.

परीक्षक नेमणुकीच्या अर्जात पदवी, विद्यापीठ, अध्यापनाचा अनुभव असे रकाने असतात. परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडून पारंपरिक ज्ञान परीक्षकासाठी वेगळा नमुना मंजूर करून घ्यावा, नाहीतर दर वर्षी कुणीतरी त्या रकान्यांत 'लागू नाही' लिहितं आणि देयक परत येतं. पॅन कार्ड आणि बँकेचे तपशील जूनमध्येच गोळा करावेत. मानधन दर तासाला असेल तर त्यात बुडालेली शेतमजुरी वेगळी धरावी, कारण रोवणीचा दिवस गेला तर तो परत येत नाही. आणि पैसे त्याच महिन्यात पोचावेत. मार्चअखेर बिलं काढण्याची सवय या कामाचा जीव घेते.

बियाणं हलतं तेव्हा

रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात छत्तीसगडच्या गावागावांतून गोळा केलेल्या धानाच्या हजारो वाणांचा संग्रह आहे. त्याचा पाया धानाचे शास्त्रज्ञ डॉ. रिछारिया यांनी सत्तरच्या दशकात घातला. २००२ मध्ये या विद्यापीठाचा एका बहुराष्ट्रीय बियाणे कंपनीशी करार होऊ घातला होता. लोकांनी विरोध केला आणि कंपनीने माघार घेतली. वाण देणाऱ्या शेतकऱ्यांनी ते देताना कोणत्या अटीवर दिले, याचा कागदच नसेल तर पुढचा प्रत्येक निर्णय त्यांच्या गैरहजेरीत होतो.

म्हणून बांधीतून एक मूठ धानही बाहेर जाणार असेल तर दोन प्रतींत चिठ्ठी करावी: वाणाचं गावातलं नाव, देणाऱ्याचं नाव, वजन, तारीख, कशासाठी, पुढे कुणाला देता येईल की नाही, आणि काही छापलं तर देणाऱ्याचं नाव कुठे येईल. एक प्रत शेतकऱ्याकडे, एक विभागात. गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे लोकजैवविविधता नोंदवही असेल तर तिथे उल्लेख करून घ्यावा. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याखाली शेतकरी आपला वाण स्वतःच्या नावे नोंदवू शकतो आणि त्याला त्यासाठी शुल्क भरावं लागत नाही. नोंदणीचा अर्ज भरायला मदत करणं हे विद्यार्थ्यांच्या १५ सिद्धान्त-तासांतलं काम असावं. आणि जे सांगायचं नाही ते न सांगण्याचा हक्क शेतकऱ्याला असावा. विद्यार्थ्याने मोबाइल बाहेर काढण्याआधी विचारलं की नाही, याचेही गुण असायला हरकत नाही.

गावगाड्यातलं ज्ञान गावगाड्यासकट आणायचं नाही, ही गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. परंपरेत ज्ञान जातीने आणि लिंगाने वाटलेलं होतं, आणि त्यातल्या पुष्कळ कामांवर अपमानाचा शिक्का होता. चामडं कमावण्याचं ज्ञान थोर आहे असं भाषणात म्हणायचं आणि त्या घरातल्या मुलीलाच 'तुझ्या वडिलांचं काम दाखव' म्हणून पुढे करायचं, हा तिच्यावर पुन्हा केलेला घाव आहे. कुणालाही त्याच्या घरच्या पारंपरिक कामाचा प्रकल्प नेमून देऊ नये; त्याने स्वतः मागितला तरच द्यावा. शिक्षक निवडतानाही गावात पहिल्यांदा भेटतो तो बोलका, खुर्चीवरचा माणूस. बियाण्याला कोणत्या लोंब्या राखायच्या हे घरात कोण ठरवतं, असा प्रश्न विचारला की बऱ्याच घरांत बोट आत, स्वयंपाकघराकडे जातं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. देशी वाणांच्या त्यांच्या कामाला २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्यासारख्या बाईला शोधायला पुरस्काराची वाट बघावी लागू नये.

दुसऱ्या टोकाचा धोका म्हणजे जुनं ते सगळं बरोबर असं मानणं. साठवणीत कडुलिंबाचा पाला, राख, उन्हाची तिरीप यांतलं काय किती चालतं हे धान, डबा आणि पावसाळा यांवर अवलंबून असतं. गावातल्या बायका हे तपासतच असतात, म्हणून तर एका घरची पद्धत शेजारच्या घरी वेगळी असते. विद्यार्थ्यांनी तीच तपासणी ४०० दाणे मोजून करावी आणि निष्कर्ष आधी गावच्या बैठकीत सांगावा, नंतर कॉलेजात. आज कृषिदूत आणि कृषिकन्या गावात जातात तेव्हा दिशा बहुतेक एकच असते: विद्यार्थी प्रात्यक्षिक दाखवतो, शेतकरी पाहतो, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्याच मुक्कामातले काही दिवस शेतकऱ्याने दाखवायचे आणि विद्यार्थ्याने करून पाहायचे असे ठरवले तर नवा पैसा फारसा लागणार नाही.

आता फेरपरीक्षा, कारण विद्यापीठात पहिला अर्ज त्याचाच येतो. बांधीतल्या ३० गुणांत नापास झालेल्या मुलाची महिनाभरात फेरपरीक्षा घेता येत नाही; धान कापलेलं असतं. भंडारा-गोंदियाकडे जिथे उन्हाळी धान होतं, तिथे एप्रिलच्या सुमारास उभ्या पिकात दुसरी संधी देता येईल. बाकी ठिकाणी त्याने पुढच्या खरिपात, नव्या तुकडीबरोबर, फक्त शेवटचे दोन मुक्काम करावेत आणि नोंदवहीचे जुने गुण कायम ठेवावेत. ढिगावरच्या २० गुणांची फेरपरीक्षा मात्र वर्षभरात कधीही घेता येते, राखून ठेवलेल्या बियाण्यावर. त्यासाठी प्रत्येक वाणाचं किलोभर धान विभागाने डब्यात बाजूला ठेवावं आणि ते कुणाकडून विकत घेतलं याची पावती सोबत जोडावी.